सात जीबीचा व्हिडिओ डीव्हीडीवर कसा बसवला

ताईच्या लग्नाचा व्हिडिओ सात जीबीचा, आणि उमरेडच्या मामांना तो डिस्कवरच हवा होता. नागपूरच्या बर्डीवरून कोऱ्या डीव्हीडी आणल्या. पाकिटावर ४.७ जीबी छापलेलं असलं तरी संगणक ४.३७च दाखवतो; कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४च्या. झिप करून काही उपयोग नाही, व्हिडिओ मुळातच दाबलेला असतो. म्हणून सेव्हन-झिप या फाइली दाबायच्या नि तुकडे करायच्या प्रोग्राममध्ये कॉम्प्रेशन ‘स्टोअर’वर (म्हणजे न दाबता) ठेवलं आणि भाग पाडायच्या रकान्यात ‘४४८०एम - डीव्हीडी’ निवडलं. दोन तुकडे झाले, नावाच्या शेवटी ००१ आणि ००२.

एक नक्की सांभाळा: पहिला तुकडा ४ जीबीच्या वर जातो, त्यामुळे डिस्क यूडीएफ (एवढ्या मोठ्या फाइली चालणाऱ्या) प्रकारातच बर्न करा. मामांनी दोन्ही तुकडे एकाच फोल्डरमध्ये उतरवून घेतले आणि सेव्हन-झिपनंच ००१ उघडून एक्स्ट्रॅक्ट केलं. व्हिडिओ जसाच्या तसा, सनईच्या आवाजासकट.