घिरट्या घालणारे हॉक मोजू नका, थवा सुटेपर्यंत थांबा

अमेरिकेतल्या मेन राज्यात ब्रॅडबरी माउंटनचा माथा जेमतेम 485 फूट उंच आहे, पण वसंतात उत्तरेकडे निघालेले शिकारी पक्षी मोजायला जागा फार चांगली. एप्रिलच्या उत्तरार्धात ब्रॉड-विंग्ड हॉक या रुंद पंखांच्या शिकारी पक्ष्याचे थवे येतात आणि नवख्यांची मोजणी तिथेच चुकते. ऊन तापलं की हे पक्षी वर चढणाऱ्या गरम हवेत गोल गोल फिरत उंची घेतात. तेव्हा मोजायला गेलात तर तोच पक्षी दोनदा धराल. थोडं थांबा. वर पोचले की ते पंख स्थिर ठेवून एकामागून एक रांगेनं सरकू लागतात. समोर एखादं झाड किंवा ढगाची कड मनात धरा आणि ती ओलांडणारा प्रत्येक पक्षी मोजा. हातात टॅली काउंटर, म्हणजे बटण दाबून आकडा वाढवायचं छोटं यंत्र, असावा, म्हणजे दुर्बिणीवरून नजर काढावी लागत नाही.

दक्षिणेकडून वारा असेल तो दिवस सोडू नका. निरभ्र निळ्या आभाळात उंचावरचे पक्षी डोळ्यांना सापडतच नाहीत. पांढरे ढग असले की बरं. दुर्बीण क्षितिजापासून वर, पट्ट्यापट्ट्यानं फिरवा.

आकडे तासागणिक लिहा, सोबत वारा आणि ढगही. डोंगराभोवतीच रेंगाळणारी गिधाडं स्थानिक असू शकतात, ती स्थलांतरात धरू नका. ओळख पटली नाही तर सरळ ‘अनोळखी’ लिहा. अंदाजानं घातलेलं नाव पुढे नोंदीतून काढता येत नाही.