छताला पन्हळ बसवताना आधी उतार बघा
पन्हळ लावायची तर सगळ्यात आधी दोरी ताणून उतार पक्का करा, पाइप जिकडे उतरणार त्या टोकाकडे दर 10 फुटाला साधारण पाव ते अर्धा इंच खाली, नाहीतर पाणी साचून राहतं आणि डास होतात. मग त्याच रेषेत दर 2 फुटांवर ब्रॅकेट मारा, स्क्रू लाकडात नाहीतर लोखंडी अँगलमध्ये घट्ट बसला पाहिजे, नुसत्या पत्र्यात अजिबात नको, भरलेली पन्हळ खूप जड होते हो. पत्र्याची कड इंचभर तरी पन्हळीच्या आत यायला हवी. जॉइंटला सिलिकॉन भरायच्या आधी जागा कोरडी पुसा, ओल्यावर ते नीट धरत नाही. शेवटी वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतून कुठे थांबतंय, कुठे गळतंय ते बघा. आणि शिडी धरायला खाली कुणीतरी हवंच!