घरची पीटी परेड: एमएस असलेल्या फौजी भावांसाठी

मी सिग्नल्सचा, म्हणजे फौजेच्या फोन-वायरलेस सांभाळणाऱ्या दलाचा हवालदार, आता पेन्शनीवर. मला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. तो म्हणजे काय हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं, पण मला समजलं ते केबलवरून. जबलपूरला ट्रेनिंगला असताना वरचं आवरण सोललेली केबल ओल्या गवतात पडली, की पलीकडचा आवाज तुटक यायचा. इथंही तेच. नसांवरचं मायलिन नावाचं आवरण आपलीच प्रतिकारशक्ती कुरतडते आणि 'पाय उचल' हा निरोप पायापर्यंत अर्धामुर्धाच पोचतो. पायाला शिव्या देऊन उपयोग नाही, लाइन खराब आहे.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. खंबाटकी ओलांडून पुण्यात पोचेपर्यंत मी निम्मा संपलेला असायचो, मग तिथं व्यायाम काय करणार? म्हणून आता फिजिओच्या मॅडम आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर येतात. अमेरिकेत माजी सैनिकांची सरकारी रुग्णालयं असं घरबसल्या शिकवतात, हे त्यांनीच सांगितलं. पण पहिली तपासणी समोरासमोरच करून घ्या. तोल किती जातो, पाय किती ताठरतो, हे हात लावूनच कळतं.

जागेचं आधी बघा. पहिल्याच आठवड्यात मी शहाबादी फरशीवर प्लॅस्टिकची खुर्ची घेतली. उठताना ती मागं सरकली आणि मी खाली बसलो तो थेट फरशीवर. आता हात असलेली जड लाकडी खुर्ची, तिची पाठ भिंतीला आणि हाताशी ओटा. पायपुसणं, चटई, नातवाची गाडी, सगळं उचलायचं. सपाता नकोत, मागं पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घाला.

फोन ज्वारीच्या डब्याला टेकवून आडवा ठेवा, सात-आठ फुटांवर. मॅडमना पावलं दिसली पाहिजेत. आमची मंडळी पहिले चार दिवस माझं तोंडच दाखवत होती! घरात कुणीतरी हवंच, आणि त्यांचा नंबर मॅडमकडे आधी देऊन ठेवायचा. आपण पडलो तर फोनमधून हात बाहेर येत नाही.

वेळ सकाळी साडेसहाची, ऊन चढायच्या आत. अंगातली उष्णता अर्ध्या अंशानं वाढली तरी सोललेल्या तारेतून निरोप अडखळतो. पाय जड होतो, डोळ्यांपुढं धुरकट येतं. उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरानं १८९० मध्येच हे नोंदवलंय. गळ्याभोवती ओला पंचा, शेजारी गार पाण्याचा तांब्या, लाइट असली तर पंखा. तरीही पाय जड झाला, धुरकट दिसलं तर थांबा, गार व्हा, ते उतरतं. नवा त्रास २४ तास टिकला, किंवा जोडीला ताप, लघवीला जळजळ असेल, तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन.

आता मुख्य कवायत, खुर्चीतून उठणं. बूड पुढं सरकवा. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागं, टाचा टेकलेल्या. नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर येईपर्यंत पुढं झुका, मग उठा. बहुतेकांचं इथंच चुकतं: सरळ छातीनं, सावधानमध्ये उठायला बघतात. ते जमत नाही, कारण वजन मागंच राहतं. उठलात की दोन श्वास थांबा. बसताना तीन मोजत हळू बसा. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया. माझी सुरुवात पाचनं झाली, तीही हात टेकून.

बाकीचं थोडक्यात. ओट्याला धरून टाचा उचलणं. बसून पावलाचा पुढचा भाग वर ओढणं. चालताना बोटं अडकतात त्यासाठी. पोटरीचा ताण ३० सेकंद, झटके न देता. तोलाचं काम भिंतीच्या कोपऱ्यात, समोर खुर्ची ठेवून. किती वेळा ते तुमच्या मॅडम ठरवतील, माझा आकडा उचलू नका.

जोर मोजायला ६ ते २० अशी पट्टी असते. ६ म्हणजे नुसतं बसणं, २० म्हणजे आता जीव जातो. मला ११ ते १३ मध्ये ठेवलंय: बोलता यावं, पण पोवाडा म्हणता येऊ नये. मॅडम मध्येच विचारतात, "काका, किती?" महिनाभर मी सवयीनं "ठीक आहे" म्हणत होतो, आतून १७ असलं तरी. त्याचं बिल दुसऱ्या दिवशी यायचं. दुपारपर्यंत अंथरूण सुटायचं नाही, चहाचा कप हातात थरथरायचा. फौजेतला आपला उस्ताद दम निघेपर्यंत पळवायचा आणि वर एक चक्कर जादा द्यायचा. तो हिशोब इथं उलटा आहे. दम निघायच्या आधी थांबायचं, आणि आकडा खरा सांगायचा. हे शिकायला मला पाय उचलण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

कॅलेंडरच्या रोजच्या चौकोनात दोनच आकडे लिहितो: किती वेळा उठलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थकवा दहापैकी किती. थकवा चढत गेला की उठणं दोननं कमी.

काल दहा झाले. पाय हलके वाटत होते, म्हणून अकराव्यासाठी नाक पुढं काढलं. फोनमधून आवाज आला, "काका, बसा."

बसलो.