बाहुलीसाठी ॲनिमे विग करायचाय? आधी मुळांचं बघा

ॲनिमेतले, म्हणजे जपानी कार्टूनमधले, उभे, टोकदार केस बाहुलीच्या डोक्यावर आणायचे म्हटलं की नवीन मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: स्प्रे कुठला घेऊ? स्प्रेचं नंतर बघू. आधी केस कुठल्या दिशेने चिकटवणार ते ठरवा. खाली पडतील असे चिकटवलेले केस अख्खी बाटली संपवली तरी दोन दिवसांत बसतात. मुळातूनच वर उठतील असे लावले, तर स्प्रेला फक्त टोकं धरून ठेवायचं काम उरतं.

मी मुख्यतः रेझिनच्या (एक टणक प्लास्टिक), सांधे हलणाऱ्या बाहुल्यांचे विग करते. क्योटोच्या व्होल्क्स कंपनीने १९९९ मध्ये ‘सुपर डॉल्फी’ आणली आणि साधारण ६० सेंटिमीटर उंचीच्या या बाहुल्यांचा छंद जगभर पसरला. डोक्याचा घेर ८ ते ९ इंच. शिकायला हेच माप घ्या. छोटी बाहुली सोपी वाटते, पण केसाची जाडी तीच राहते. लहान डोक्यावर तोच केस राठ दिसतो आणि प्रत्येक जोड उघडा पडतो.

केसांसाठी महाग माल मागवायची घाई नको. वेण्यांसाठी आणि गंगावनासाठी मिळणारे कृत्रिम केस सरावाला उत्तम. त्यात कानेकालॉन हे नाव वारंवार ऐकू येईल. जपानच्या कानेका कंपनीचा हा धागा १९५७ पासूनचा आहे. साधं कानेकालॉन उष्णतेने आक्रसतं, तर ‘हीट रेझिस्टंट’ लिहिलेला धागा कमी तापमानाचं स्ट्रेटनर सोसतो. पाकिटावर काहीही छापलेलं असो, एक बट कापून तिच्यावर उष्णता तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. फार गुळगुळीत, चकचकीत केसही टाळा, ते एकमेकांना धरत नाहीत.

आता डमी, म्हणजे कामापुरतं नकली डोकं. विगचं काम बाहुलीच्या खऱ्या डोक्यावर कधीच करू नका. हेअरस्प्रेमधलं अल्कोहोल चेहऱ्याचा रंग आणि त्यावरचं सीलर, म्हणजे रंग टिकवणारा थर, उतरवू शकतं, आणि तो चेहरा कुणीतरी हाताने रंगवलेला असतो. चेहरा नीट झाकून डोक्याला स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळा, वरून मास्किंग टेपचे दोन थर द्या, मागून चीर देऊन कवच काढा, आत कापूस ठासा आणि चीर बंद करा. झालं तुमचं डोकं. त्यावर पुन्हा फिल्म, मग जुन्या बनियनचं होजिअरी कापड ताणून रबरबँडने बांधा आणि पातळ केलेला फेव्हिकॉल ब्रशने लावा. रात्रभरात टोपी कडक होते. ती केसांच्याच रंगात रंगवून घ्या. उभ्या केसांमधून टोपी दिसतेच, आणि पिवळ्या केसांतून पांढरं कापड डोकावलं की सगळी मेहनत वाया.

केसांच्या पट्ट्या, म्हणजे वेफ्ट, घरीच होतात. प्लास्टिकच्या शीटवर केस एकसारखे पसरा, वरच्या टोकाला अर्धा सेंटिमीटर फेव्हिकॉलची रेघ ओढा, वाळल्यावर सोलून काढा. चिकटवायला मानेकडून सुरुवात करायची. मानेवरच्या एक-दोन ओळी खाली पडणाऱ्या. त्यानंतरच्या ओळी उलट्या: गोंदाची कड खाली, केस भोवऱ्याच्या दिशेने वर. कपाळाच्या आणि कानाजवळच्या कडेला दोन ओळी लावा, एक चेहऱ्याकडे आणि तिला चिकटून दुसरी मागे जाणारी. या दोघी एकमेकींना टेकू देतात, म्हणून पुढचे केस कपाळावरून उठून मग चेहऱ्यावर येतात. ॲनिमेच्या चित्रातला तो फुगीरपणा इथे तयार होतो. मधल्या ओळींत जास्त अंतर चालेल, कडेला मात्र कंजूषी नको.

स्पाइक, म्हणजे केसांची उभी टोकदार बट, करताना एकावेळी एकच बट हातात घ्या, बुडाशी बोटाएवढी जाड. खालच्या एक तृतीयांश भागात बारीक कंगवा टोकाकडून मुळाकडे उलटा फिरवा, आतल्या बाजूने. बाहेरची बाजू गुळगुळीतच राहू द्या. आत गुंता बसला की बट स्वतःच्या जोरावर उभी राहते. मग वीतभर लांबून स्प्रे, चिमटीत धरून टोकाकडे निमुळती करत ओढणं, स्प्रे जरा वाळल्यावर ड्रायरची कोमट हवा, आणि त्यानंतर गार हवा. बट पूर्ण गार होईपर्यंत चिमूट सोडायची नाही; आकार थंड होताना पक्का होतो. टोक कात्री उभी धरून तिरकं, थोडं थोडं कापा. आडवं कापलं तर त्याचा कुंचा होतो. शेवटी बोटावर फेव्हिकॉलचा कण घेऊन टोक पिळा. फार लांब स्पाइक असेल तर आत क्राफ्ट फोमचा पातळ शंकू घाला.

सगळे स्पाइक सारखे केले तर साळिंदर दिसतं. आधी तीन-चार मोठे, मग त्यांच्या खाचांत मध्यम, शेवटी कडेला बारीक. आणि सगळ्यांचा उगम भोवऱ्याकडे. मागे दिवा लावून भिंतीवरची सावली बघत राहा. सावलीतून पात्र ओळखू येत असेल तरच कात्री खाली ठेवा. वजनही हातात घेऊन बघा. या बाहुल्यांची मान आतल्या इलॅस्टिकवर ताणलेली असते, जड विगने ती मागे कलते.

स्प्रे गॅलरीत, मास्क लावून मारा. तो ज्वालाग्राही असतो, त्यामुळे गॅसजवळ नको आणि ओल्या स्प्रेवर लगेच गरम ड्रायर नको. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात फेव्हिकॉल वाळायला दुप्पट वेळ धरा. दमट हवेत स्प्रे चिकट होतो, म्हणून त्या दिवसांत फोमचे शंकू आणि उलट्या कंगव्यावर जास्त भिस्त ठेवावी.

पुढे ऑर्डर घ्यायच्या असतील तर पात्राचं पुढून, बाजूने आणि मागून असं चित्र मागा. मागची बाजू ठरली नसेल तर काम सुरू करू नका. घेर इंचात लेखी घ्या आणि मालाचे पैसे आगाऊ. दर लावताना चिमटीत बट धरून बसलेला वेळही मोजा, कारण खरी मजुरी तीच आहे. गडद रंगाचा विग असेल तर सोबत आतून घालायची पातळ टोपी द्या, नाहीतर रंग रेझिनवर उतरतो. पाठवताना विग कागदाच्या गोळ्यावर चढवून तो गोळा खोक्याच्या तळाला टेपने पक्का करा. खोकं इतकं उंच हवं की एकही टोक झाकणाला लागणार नाही.