हिस्ट्री उडवली म्हणजे कुकीज गेल्या असं नाही : या चुका टाळा

दहावी-बारावीचे निकाल लागले की बेळगावकडच्या टिळकवाडी, शहापूर, खानापूरच्या नेट सेंटरांवर पाय ठेवायला जागा नसते. आपल्या सीमाभागातल्या पोरांना फॉर्मही दुप्पट. एक राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजचा, दुसरा कोल्हापूरचा. शिवाय घरच्यांची 'सेवा सिंधू' या कर्नाटक सरकारच्या पोर्टलवरची कामं आणि 'भूमी' या जमिनीच्या नोंदींच्या पोर्टलवरचा उतारा असतोच. अशाच गर्दीत मी फॉर्म भरून देतो. परवा एका मुलीनं जीमेल उघडलं, तर आधीच्या मुलाचा इनबॉक्स समोर! आधार, मार्क्स कार्ड, वडिलांच्या पासबुकाचा स्कॅन, सगळं उघडं. तो अजून बाहेर झेरॉक्सच्या रांगेतच होता. बोलावलं, तर रडकुंडीला आला. "सर, हिस्ट्री डिलीट केलोय की मी!"

त्यानं खरंच केली होती. पण हिस्ट्री म्हणजे कुठं कुठं गेलात त्याची यादी. कुकी वेगळी. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो ना, तशी. तुम्ही पासवर्ड आणि ओटीपी देऊन आत गेलात की साइट ब्राउझरच्या हातात असा बिल्ला देते. पुढच्या वेळी बिल्ला दाखवला की काम झालं, नाव-गाव कोणी विचारत नाही. म्हणून तो दुसऱ्याच्या हाती लागला तर तुमचा पासवर्ड कितीही अवघड असो, उपयोग नाही. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी ही युक्ती काढली, तेव्हा ऑनलाइन दुकानाला गिऱ्हाइकाची टोपली लक्षात राहावी एवढाच हेतू होता.

सेंटरवरून उठताना टॅब बंद करून भागत नाही. आधी साइटवर लॉगआउट करा. मग क्रोमच्या 'डिलीट ब्राउझिंग डेटा'मध्ये 'कुकीज अँड अदर साइट डेटा' या ओळीवर टिक आहे का ते बघा, आणि वेळ 'ऑल टाइम' ठेवा. नुसती 'कॅश' पुसली तर फक्त साठवलेली चित्रं-फाइली जातात. इथं एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते : क्रोममध्येच तुमच्या जीमेलनं साइन इन केलं असेल, तर कुकीज पुसल्या तरी गूगल खातं आत राहतंच. त्यामुळे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर क्लिक करून 'गेस्ट' विंडो उघडा आणि तिथंच काम करा. ती बंद केली की कुकीजही जातात. 'रिमेंबर मी'वर टिक मात्र कधीच नको.

उलटी चूक घरच्या कॉम्प्युटरवर होते. सरकारी पोर्टलवर 'सेशन एक्स्पायर्ड' आलं की वैतागून सगळ्याच कुकीज उडवायच्या, आणि मग बँक, मेल, सगळीकडे पुन्हा ओटीपी मागत बसायचं. अडकलेल्या एका साइटच्याच पुसा. पत्त्याच्या डावीकडचं छोटं चिन्ह दाबा, 'कुकीज अँड साइट डेटा'त जा, 'मॅनेज ऑन-डिव्हाइस साइट डेटा' उघडा, त्या साइटसमोरची कचरापेटी दाबा, पान पुन्हा उघडा. बहुतेकदा तेवढ्यानं भागतं.

जाहिराती पाठलाग करतात त्या थर्ड-पार्टी कुकीजमुळे. तुम्ही एका साइटवर असता, पण तिथल्या जाहिरातीची कंपनी आपलीही कुकी ठेवते आणि दुसऱ्या साइटवर तुम्हाला ओळखते. आपल्याकडे एकच फोन घरभर फिरतो. वडिलांनी मूळव्याधीचं औषध शोधलं की आठवडाभर तीच जाहिरात सुनेसमोर, नातवासमोर. त्या माणसाला किती अवघडल्यासारखं होत असेल! सफारी या ॲपलच्या ब्राउझरनं २०२० पासून या कुकीज अडवल्या आहेत आणि फायरफॉक्सनं २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगवेगळ्या कोंडल्या आहेत. गूगलनं मात्र बंद करू म्हणता म्हणता २०२५ मध्ये बेत सोडून दिला, म्हणून क्रोममध्ये 'थर्ड-पार्टी कुकीज' तुम्हालाच ब्लॉक कराव्या लागतात. मग एखाद्या साइटवर पैसे भरताना पान अडलंच, तर तेवढ्या साइटला परवानगी द्या. गूगलनं तुमच्या खात्यात जमवलेली शोधांची नोंद यानं जात नाही. त्यासाठी खात्यातली 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' बंद करा आणि आधीची नोंदही तिथंच पुसा.

इनकॉग्निटो म्हणजे क्रोमची खाजगी खिडकी. ती बंद झाली की तिच्यातल्या कुकीज जातात, पण तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते इंटरनेट कंपनीला दिसतंच.

आणि साइट कुकीजची परवानगी विचारते तेव्हाचं 'ॲक्सेप्ट ऑल'. कन्नड किंवा इंग्रजी मजकूर नीट कळला नाही की आपण तेच बटण दाबतो. 'रिजेक्ट' किंवा 'मॅनेज' शोधा, नकार दिला तरी साइट सहसा चालते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा अशी तरतूद आहे. त्या यादीत मराठी आहे. बेळगावात बसून मराठीत मागायला संकोच कशाला?

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. त्याच्याच फोनवर गूगल खात्याच्या 'सिक्युरिटी'त 'युअर डिव्हायसेस' उघडलं. आमचा कॉम्प्युटर यादीत होताच, खाली आणखी एक होता. बराच वेळ आठवून म्हणाला, "निपाणीत मामाकडं गेल्तो, तिथल्या सेंटरवर प्रिंट काढलो होतो." दोन्हीकडून साइन आउट केलं, पासवर्ड बदलला, आणि मग तो पुन्हा झेरॉक्सच्या रांगेत जाऊन उभा राहिला.