नाशिकहून २४ तासांत १,६१० किलोमीटर: राइडची तयारी कशी करावी

अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशनची ‘सॅडलसोर १०००’ ही मोटरसायकल राइड जगभरातले रायडर करतात. नियम साधा आहे: २४ तासांत १,००० मैल, म्हणजे सुमारे १,६१० किलोमीटर. जरा भागाकार करून पाहा. थांबे धरून ताशी ६७ची सरासरी पुरते. चालत्या गाडीची सरासरी ८५ राखलीत, तर गाडीवर १९ तास जातात आणि ५ तास हाताशी उरतात. ते ५ तास कुठे खर्च करायचे हे आधी ठरवा. गाडी पळवून हा वेळ कधीच भरून निघत नाही.

आधी रस्ता ठरवा. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातूनच जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. आपला भरवशाचा आग्रा रोड, म्हणजे मुंबई-आग्रा महामार्गच बरा: धुळे, सेंधवा, इंदूर, ब्यावरा, गुना आणि शिवपुरीच्या थोडं पुढून परत. गाडीचं मीटर बऱ्याचदा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं, म्हणून नकाशावर मोजून तीस-चाळीस किलोमीटर जादाच ठेवा.

महिना नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीचा धरा. डिसेंबर-जानेवारीत गुन्याकडे दाट धुकं पडतं. आपल्याकडे मात्र या सगळ्याच महिन्यांत खरा धोका अंधारातल्या ट्रॉल्यांचा. पिंपळगाव, चांदवड, मालेगाव या पट्ट्यात कांद्याचे आणि उसाचे ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात आणि कित्येकांना मागे दिवा सोडा, रिफ्लेक्टरही नसतो. लाइटच्या उजेडात थांबता येईल एवढाच वेग रात्री ठेवायचा.

अंगाला सवय लावल्याशिवाय निघू नका. एका रविवारी धुळे करून या. ते सहज जमलं की एका दिवसात इंदूरला जाऊन परत, साधारण आठशे किलोमीटर. मनगट, मान की बूड, नेमकं काय दुखतं ते तिथे कळतं. मग हँडल, सीट, हातमोजे त्याप्रमाणे बदला. जाड शिवणीची जीन्स टाळाच. कानात इअरप्लग घाला. वाऱ्याचा आवाज माणसाला किती थकवतो हे ते घातल्यावरच समजतं. हेल्मेट फुल-फेस आणि रात्रीसाठी काच पारदर्शक.

सर्व्हिसिंग आठवडाभर आधी उरका, म्हणजे काही ढिलं राहिलं असेल तर कळायला वेळ मिळतो. अर्धे झिजलेले टायर घेऊन जाऊ नका. ट्यूबलेसचं पंक्चर किट, छोटा पंप, चेन ल्यूब, पीयूसी, विमा, लायसन्स हे सगळं सोबत हवंच.

आता पंपावरचा थांबा. दुचाकीला राष्ट्रीय महामार्गावर टोल नाही, म्हणून टोलची पावतीही नाही. राइड पूर्ण केल्याचा असोसिएशनला पाठवायचा तुमचा पुरावा म्हणजे पेट्रोलची छापील बिलं. सुरुवातीचं, शेवटचं आणि जिथून वळलात तिथलं बिल तर हवंच. बिल हातात आलं की तारीख, वेळ आणि गावाचं नाव वाचा. पंपाचं घड्याळ चुकीचं असेल तर तिथेच दुसरा पुरावा घ्या, एटीएमची पावतीही चालते. बिल मीटरशेजारी धरून फोटो काढा, कारण त्या कागदावरची शाई उन्हाने उडते. मग पाणी प्या, चिक्की किंवा केळं खा, टायरवर नजर टाका, आणि दर पाचशे किलोमीटरला चेनला ल्यूब द्या. पैसे, बिल, पाणी, चेन हा क्रम ठरलेला असला की बारा मिनिटांत निघता येतं. नाहीतर अर्धा तास कुठे गेला ते कळत नाही.

आदल्या रात्री नऊला झोपा आणि पहाटे चारला आडगाव नाका सोडा. राहुड घाट अंधारात जातो, पण धुळ्याला उजाडतं. निघण्याआधी मिसळ नको. तर्री पोटात घेऊन दिवसभर वाकून बसणं त्रासाचं आहे. इंदूरला पोहे खा. खलघाटला नर्मदेच्या पुलानंतर दहा मिनिटं थांबाच. एवढं पात्र आपल्या गोदावरीला इथे नाही, ते डोळे भरून बघा. ही दहा मिनिटं त्या पाच तासांतलीच, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटतात.

परतीला रात्री दहाच्या सुमारास इंदूर येतं. पुढे बिजासन घाट आहे आणि नेमकी तिथेच झोप गाठते. म्हणून इंदूरला गाडी लावून, गजर लावून, तासभर आडवे व्हा. चहावर भागवू नका. गेले चार-पाच किलोमीटर कसे आले ते आठवत नसेल, तर पुढच्याच उजेडाच्या ढाब्यावर थांबा आणि वेळ टळली तरी झोपा. राइड पुढच्या महिन्यात पुन्हा करता येते.

घरच्यांना लाइव्ह लोकेशन देऊन ठेवा आणि दुसऱ्या दिवसाची रजा आधीच टाका. बिलं क्रमाने लावून, फॉर्म भरून पाठवायचं काम झोप झाल्यावरच करा.