हजार फूट मोजायचे कुठून? मिशिगनमध्ये औषधी गांजाच्या लागवडीसाठी जागा बघताना

मी मूळचा तासगावचा, द्राक्षबागेत वाढलेला. गेली सोळा वर्षं मिशिगनमध्ये साइट प्लॅन काढतो. म्हणजे जमिनीच्या तुकड्यावर इमारत, पार्किंग, पाण्याचा निचरा, झाडं कुठे बसतील ते काढायचं आणि टाउनशिपपुढे, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थेपुढे, मांडायचं. २०१८ पासून माझ्याकडे गांजाच्या ग्रो फॅसिलिटीची, म्हणजे लागवडीच्या इमारतींची, कामं येऊ लागली. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, आपल्याकडं उसात चार झाडं घावली तरी पोलीस धरून नेत्यात!" बरोबरच आहे, तिकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. इथे राज्याचा परवाना मिळतो. पण लोक अडकतात ते परवान्यात कमी आणि जागेत जास्त.

मध्यंतरी बायकोच्या मावसभावाचा फोन आला. "भावोजी, एकदम मस्त गोडाऊन मिळालंय. भागीदार टोकन द्यायला निघालाय." मी विचारलं, ते कुणाच्या हद्दीत आहे? तो म्हणाला, पत्त्यावर कॅलमझू आहे. इथेच पहिली गफलत होते. पोस्टाचा पत्ता पोस्टाच्या सोयीचा असतो. झोनिंग, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय करता येईल याचे नियम, चालतं ते शहराचं, व्हिलेजचं किंवा टाउनशिपचं, आणि मिशिगनमध्ये टाउनशिपच बाराशेच्या वर आहेत. पत्त्यावर शहराचं नाव आणि जमीन शेजारच्या टाउनशिपमध्ये, हे रोजचं आहे. आपण सातबाऱ्यावर गट नंबर बघतो तसा कौंटीच्या नकाशावर पार्सल नंबर टाका आणि हद्द बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

हद्द कळली की तिथल्या क्लार्कला फोन करा. औषधी गांजाच्या व्यवसायाच्या परवान्यांचा कायदा २०१६ चा आहे. त्यानुसार स्थानिक संस्थेने ऑर्डिनन्स (स्थानिक नियम) करून परवानगी दिली असेल तरच तुमचं काम पुढे सरकतं. २०१८ च्या मतदानातून आलेला, सर्व प्रौढांसाठीच्या गांजाचा कायदा याच्या बरोबर उलटा आहे. तिथे बंदी घालायची तर संस्थेला ऑर्डिनन्स करावा लागतो. एका कायद्यात मौन म्हणजे नकार, दुसऱ्यात मौन म्हणजे संमती. म्हणून "गांजाला परवानगी आहे का?" असं मोघम विचारू नका. वैद्यकीय ग्रोअरला, म्हणजे औषधी गांजा लावणाऱ्याला, आहे का, किती परवाने ठेवलेत, त्यातले किती शिल्लक आहेत आणि वार्षिक फी किती, हे विचारा. ही फी जास्तीत जास्त ५,००० डॉलर घेता येते आणि ती परत मिळत नाही. ऑर्डिनन्सची प्रत मागताना नंतरच्या दुरुस्त्यांसह मागा.

आता झोन. राज्याचा कायदा सांगतो की ग्रोअरची जागा औद्योगिक किंवा शेतीच्या झोनमध्ये हवी, नाहीतर जिथे झोनिंगच नाही अशा भागात. राज्याने एवढी चौकट आखली, पण गाव तिच्या आत आणखी रेघा मारू शकतं. शेतीचा झोन कायद्यात बसतो म्हणून तो त्या टाउनशिपच्या ऑर्डिनन्समध्येही बसेल, असं धरून चालू नका. काही गावांना हे फक्त औद्योगिक वसाहतीतच हवं असतं. ग्रोअरच्या राज्य परवान्याचे तीन क्लास आहेत: ए म्हणजे ५०० झाडं, बी म्हणजे १,०००, सी म्हणजे १,५००. गाव कोणता क्लास देतं तेही वाचा. आपल्याकडे "एनए करून घेऊ नंतर" म्हणतात, त्या भरवशावर इथे जागा घेऊ नका.

अंतराच्या बाबतीत मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. २०१८ च्या कायद्यात शाळेपासून १,००० फूट हे अंतर लिहिलेलं आहे, आणि स्थानिक संस्था ते कमी करू शकते. वैद्यकीय परवान्यासाठीची अंतरं मात्र स्थानिक ऑर्डिनन्समध्येच शोधावी लागतात. तिथे शाळेबरोबर पाळणाघर, चर्च, बाग, राहती घरं असं काहीही असू शकतं. एका टाउनशिपमध्ये मी इमारतीच्या भिंतीपासून शाळेच्या दारापर्यंत मोजलं. ११४० फूट. खूश झालो. ऑर्डिनन्सच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, हद्दीपासून हद्दीपर्यंत. शाळेचं मैदान रस्त्यापर्यंत आलेलं. अंतर भरलं ८७० फूट. अशिलाचा इसार गेला आणि मी माझी फी सोडली. तेव्हापासून अंतर "कुठून कुठे" हे वाक्य सापडेपर्यंत मी फीत उघडत नाही.

मग बघायचं, हा वापर त्या झोनमध्ये थेट मान्य आहे की "स्पेशल लँड यूज" म्हणून, म्हणजे वेगळी मंजुरी घेऊन. बहुतेक वेळा मला दुसराच प्रकार भेटतो. त्यात जाहीर सुनावणी असते. किमान १५ दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना येते आणि ३०० फुटांच्या आतल्या मालकांना पत्रं जातात. त्या पत्राआधी तुम्ही त्यांच्या दारात पोचलेलं बरं. सुनावणीत लोक औषधी उपयोगावर भाषण देतात, कुणाच्या आजीचा संधिवात सांगतात. त्याचा उपयोग नसतो. राज्याच्या झोनिंग कायद्यानुसार ऑर्डिनन्समधले निकष पूर्ण केले असतील तर मंजुरी द्यावी लागते. म्हणून एकेक निकष घ्यायचा आणि आपण तो कसा पूर्ण केला ते दाखवायचं. कंटाळवाणं होतं, पण चालतं.

सगळ्यात जास्त भांडण वासावरून होतं. फुलोऱ्यातल्या गांजाचा उग्र वास वाऱ्यावर दूर जातो. नुसतं "फिल्टर बसवू" म्हणून भागत नाही. कार्बन फिल्टर किती, हवा ताशी किती वेळा बदलणार, खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी कसा ठेवणार, फिल्टर कधी बदलणार, हे मेकॅनिकल इंजिनिअरच्या सहीने द्या. ग्रीनहाउस असेल तर रात्रीचा उजेड झाकायचे पडदे दाखवा. खतमिश्रित पाणी कुठे जाणार तेही दाखवा, सेप्टिक टँकवर अवलंबून असाल तर विशेष. वीज कंपनीशी जागा घेण्याआधीच बोला, दिव्यांचा आणि एसीचा भार साध्या गोडाऊनच्या जोडणीला झेपत नाही. आगीसाठी एनएफपीए १ या संहितेत गांजाच्या इमारतींवर ३८ वं प्रकरणच आहे, ते तुमच्या इंजिनिअरला आधीच वाचायला सांगा.

केअरगिव्हरचं, म्हणजे रुग्णांसाठी घरगुती प्रमाणावर गांजा लावणाऱ्याचं, प्रकरण वेगळं. २००८ च्या कायद्याने त्याला पाच रुग्णांसाठी प्रत्येकी १२ झाडं, आणि तो स्वतः रुग्ण असेल तर त्याची १२, म्हणजे एकूण ७२ झाडं लावता येतात, तीही बंदिस्त, कुलूपबंद जागेत. हा राज्याचा हक्क, मग झोनिंग कशाला, असं पुष्कळांना वाटायचं. बायरन टाउनशिपच्या खटल्यात २०२० मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मिटवलं. तिथल्या केअरगिव्हरने व्यापारी जागा भाड्याने घेतली होती आणि टाउनशिपचा नियम होता की हे घरगुती व्यवसाय म्हणून राहत्या घरीच करा. न्यायालय म्हणालं, कुठे करायचं हे टाउनशिप ठरवू शकते.

मेहुण्याला मी झोनिंगच्याही आधी दुसरीच गोष्ट सांगितली. तो ग्रीन कार्डवर आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये यूएससीआयएसने (नागरिकत्वाचे अर्ज बघणाऱ्या केंद्रीय खात्याने) स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाच्या व्यवसायातलं काम नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या चारित्र्याच्या अटीला बाधा आणू शकतं. केंद्राचा कायदा वेगळा आहे. आपल्यातल्या एच-वन आणि ग्रीन कार्डवाल्यांनी आधी इमिग्रेशन वकिलाला भेटावं, नकाशा मागाहून.

भागीदार अमेरिकन नागरिक असल्याने तो एकटाच पुढे गेला. त्याच्या खरेदी करारात आम्ही एक कलम घातलं: स्पेशल लँड यूज आणि साइट प्लॅन दोन्ही मंजूर झाले तरच व्यवहार, नाहीतर इसार परत. मुदत सहा महिन्यांची मागितली. विकणारा कुरकुरला, चार महिन्यांवर आला. सुनावणी एकदा पुढे ढकलली गेली की चार महिने कसे जातात हे मला माहीत होतं, म्हणून इसार थोडा वाढवून सहावर सही घेतली.